कासवाच्या वरची रेघ

११ सप्टेंबर

“गणित शिक बेटा, मंग तुहं बोलणं कोणी खोडणार नाई,” असं बाबा एकदा म्हणाले होते. मी तेव्हा आठवीत होते. ब्रह्मपुरीच्या त्यांच्या सायकलच्या दुकानात, पंक्चर झालेली ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधता शोधता ते बोलून गेले. आज नववीच्या वर्गात फळ्यापाशी उभी असताना ते वाक्य का आठवलं, सांगता येत नाही.

नववीला आलेख सुरू केलाय. मुलं आलेख काढतात छान. बिंदू मांडतात, जोडतात आणि वही मिटतात. तो वाचायचाही असतो, हे त्यांच्या गावीच नाही. “हा काय सांगतो?” असं विचारलं की रोशन म्हणतो, “मॅडम, तो काही बोलूनच नाई राह्यला.”

म्हणून मी गावचा तलाव वर्गात आणला. तलावाच्या दाराशी, जिथून धानाला पाणी सोडतात, एक खांब आहे, त्यावर फुटांच्या खुणा रंगवलेल्या आहेत. करिष्माचं घर तलावाच्या पाळीवरच, मासेमारांच्या ढिवर मोहल्ल्यात. जुलैपासून ती रोज सकाळी शाळेत येताना पाणी कुठल्या खुणेवर आहे ते पाहून येते आणि आम्ही ते भिंतीवरच्या मोठ्या आलेख कागदावर मांडतो. आडव्या अक्षावर दिवस, उभ्यावर पाण्याची उंची.

आज तो वाचायला घेतला. रेघ कुठं चढते? धो धो पाऊस होता तेव्हा. कुठं सपाट आहे? राखीच्या सुमारास. शिखर कुठं? पोळ्याच्या दिवशी. सांडव्यावरून पाणी गेलं तो दिवस. त्यानंतर रेघ उतरते आहे, कारण पाऊस गेला आणि धानासाठी दार उघडलं.

“पोळ्याच्या दिवशी बैलाचं पोट बी असंच भरून होतं मॅडम,” असं रोशन म्हणाला. वर्ग हसला. मीही हसले. आलेख बोलायला लागला म्हणायचा.

१४ सप्टेंबर

करिष्माने आलेखावर एक आडवी रेघ मारून मागितली. मी विचारलं कशासाठी, तर म्हणाली, “कासवासाठी.”

तलावात दाराच्या थोडं आत एक मोठा दगड आहे, पालथ्या कासवासारखा. सध्या पाण्याखाली आहे. कासवाची पाठ वर आली की दार बंद करायचं, नारळ फोडायचा आणि उरलेलं पाणी मासळीचं आणि गुराढोरांचं, असा गावचा जुना नेम. धानवाल्यांनी नंतर दार उघडायचं नाही. तो कोणी लिहून ठेवलेला नाही, पण आजवर कोणी मोडलेलाही नाही, असं सगळेच सांगतात.

मी कासवाची रेघ निळ्या पेन्सिलीने मारली. करिष्मा बराच वेळ ती बघत उभी होती. मला तिचं कारण ठाऊक आहे. तिची आई गुणाबाई आणि मोहल्ल्यातल्या बायकांच्या गटाने दोन वर्षांपासून तलाव मासळीसाठी घेतलाय. त्याआधी दर जानेवारीत गुणाबाई आणि तिचे वडील पोचूभाऊ मिरची तोडायला तेलंगणात जायचे, होळी करून परत यायचे. करिष्मा बरोबर जायची. सातवीतले दोन-अडीच महिने तिने मिरचीच्या वावरात काढले. गेल्या वर्षी पहिल्यांदा ते गेले नाहीत. तलावाने त्यांना गावात ठेवलं आणि करिष्मा आठवीत वर्गात दुसरी आली.

तिच्या केसांना तेल नव्हतं. मधल्या सुट्टीत माझ्याकडचं लावून दोन वेण्या घातल्या. पोरीचे केस दाट आहेत.

२३ सप्टेंबर

मुखरूभाऊ शाळेत आले होते, पोषण आहाराच्या कामासाठी. ते तलाव समितीचे अध्यक्ष. भिंतीवरचा आलेख पाहून थांबले.

“मॅडम, हे काय होय?”

मी समजावून सांगितलं. त्यांना लगेच कळलं. बोटाने उतरत्या रेघेवरून खाली खाली येत म्हणाले, “म्हंजे हे अशीच चालली तं दिवाळीले कुठी राहीन?”

मला फार आनंद झाला. हाच तर प्रश्न! चाळीस मिनिटांच्या तासात मुलांकडून जो निघत नाही, तो एका माणसाने उभ्या उभ्या विचारला. मी पट्टी घेतली, शिखरानंतरचे बिंदू पाहिले. जवळजवळ सरळ रेषेत होते. लाल पेन्सिलीने रेघ पुढे वाढवली. दिवाळीच्या दिवशी ती कासवाच्या चांगली हातभर वर होती.

“वा,” मुखरूभाऊ म्हणाले. “मॅडम, दोन तारखेच्या ग्रामसभेत हे तुमीच सांगा. आमचं कोणी आयकत नाई. तुमचं आयकतीन.”

संध्याकाळी त्यांच्या घरून वांगी आणि हिरव्या मिरच्या आल्या.

२ ऑक्टोबर

ग्रामसभा झाली. आलेख शाळेतून नेऊन चावडीच्या भिंतीला लावला होता.

गुणाबाई बायकांना घेऊन आल्या होत्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं: पाऊस गेला आहे, आता दार बंद करा, आमची माशांची बोटुकली टाकलेली आहे, ती अजून वीतभर झाली नाही. धानवाले म्हणत होते की उशिरा येणारा भारी धान आत्ता कुठे निसवतोय, लोंबी धरतोय, दिवाळीपर्यंत पाणी पाहिजेच. आवाज चढले. कोणीतरी म्हणालं, “मासळी पाण्यात राह्यते, धान बी पाण्यातच राह्यते, मंग भांडण कायचं?” त्यावर गुणाबाई म्हणाल्या, “तुह्या धानाले पाणी पायजे आन् माह्या मासोळीले चिखल, असं हाये काय बावा?” सगळे हसले, पण मिटलं नाही.

मग मुखरूभाऊंनी मला उभं केलं. मी बोलले. शिखर, उतार, कासवाची रेघ, लाल रेघ. सगळे शांत. इतकं शांत मी माझा वर्गही कधी पाहिला नाही.

गुणाबाईंनी एकच विचारलं, “मॅडम, तुमी सांगा. दिवाळीच्या आंधी कासव दिसन का नाई?”

“नाही दिसणार,” मी म्हणाले.

“तुमी सांगता तं ठीक हाये.” आणि त्या खाली बसल्या.

ठरलं की दार आहे तसं उघडं ठेवायचं, दिवाळीपर्यंत. निघताना मुखरूभाऊंनी नारळ आणि शाल दिली. मी नको नको म्हणत होते. नवऱ्याला, विनोदला, फोनवर सगळं सांगितलं. चंद्रपूरला त्याच्या ऑफिसमध्ये कोणीही त्याला शाल देत नाही, असं तो म्हणाला.

८ ऑक्टोबर

करिष्मा म्हणाली, “मॅडम, ठिपका रेघेवर बसून नाई राह्यला.”

कालचा आणि आजचा, दोन्ही बिंदू लाल रेघेच्या थोडे खाली पडले. मी तिला समजावलं की प्रत्यक्ष मोजणीत असं होतं. काही बिंदू वर पडतात, काही खाली. रेघ सगळ्यांच्या मधून जाते.

“पण वर एकबी नाई पडला,” ती म्हणाली.

१० ऑक्टोबर

आजही खाली. आणि कालच्यापेक्षा जास्त खाली.

मी म्हटलं, खुणेच्या अगदी समोर उभं राहून पाहतेस ना? तिरकं पाहिलं की चुकतं. ती म्हणाली, समोरूनच पाहते. मी म्हटलं, उद्यापासून रोशन पाहील. तिचा चेहरा पडला, म्हणून मी समजूत घालायला गेले आणि बोलले ते असं: “तुझ्या आईची मासळी आहे ना, म्हणून तुला पाणी कमी दिसतं. माणसाला जे मनात असतं तेच दिसतं. गणितात मन बाजूला ठेवायचं.”

तिने पेन्सिल माझ्या टेबलावर ठेवली. मला वाटतं तिला पटलं.

१३ ऑक्टोबर

काल दसरा झाला. मुलं सोनं घेऊन घरी आली, टेबल आपट्याच्या पानांनी भरलं. करिष्मा आली नाही. मी तिच्यासाठी तालुक्याला, सावलीच्या बाजारातून केसांचे दोन चिमटे आणून ठेवले होते. ते मागच्या खोलीत, कपाटात ठेवलेत. ती खोली तशी रिकामीच असते.

१५ ऑक्टोबर

रोशनचे बिंदूही खालीच पडतायत. त्याने तिरकं पाहिलं नाही, कारण मी स्वतः बरोबर गेले होते. ऊन कडक आहे, बाष्पीभवन जास्त होत असेल. दोन-चार दिवसांत रेघ सावरेल.

१७ ऑक्टोबर

आज मी एकटीच तलावावर गेले आणि पाळीवर बसले. इतक्या दिवसांत मी खांबाकडे पाहत होते, तलावाकडे पाहिलंच नव्हतं.

पाणी चारी बाजूंनी आत सरकलंय. पोळ्याला जिथं पाणी होतं तिथं आता ओली माती, मग तडकलेली माती, मग बेशरमाची झुडपं. मोठ्या परातीत पाणी असावं आणि ते मध्ये गोळा होत जावं, तसं. परातीतून रोज एक तांब्या काढला, तर सुरुवातीला पाणी हललेलंही कळत नाही. तळाशी आलं की त्याच एका तांब्याने सर्रकन खाली जातं. काढलं तेवढंच, पण पसरायला जागाच कमी.

ती सरळ रेघ नव्हतीच. वाकणार होती, पहिल्या दिवसापासून. वरचा भाग सपाट होता म्हणून मला सरळ दिसली आणि मी पट्टी लावली. नववीत सरळ रेषेचं समीकरण आहे म्हणून सरळ रेष. मी आलेख जिथवर होता तिथवर वाचला नाही, नव्हता तिथंही वाचला.

आणि ज्या मुलीने वाकणं पाहिलं तिला मी म्हणाले की तुझं मन बाजूला ठेव.

तिथूनच मुखरूभाऊंच्या घरी गेले. सगळं सांगितलं. ते अंगणात दोर वळत होते.

“दार बंद करा भाऊ. आठवडाभरात कासव वर येईल.”

“मॅडम, तुमचीच तं रेघ हाये.”

“माझी रेघ चुकली.”

“बसा आंधी. चाय घ्या.” मग म्हणाले, “टोकाच्या बांध्याईले एक पाणी नाई भेटलं अजून. धान दाण्यात हाये. आता दार बंद केलं तं तेवढ्या लोकाईच्या घरी तनीस येईन, दाने नाई. त्याईले मी काय सांगू? मॅडमची रेघ वाकली?”

त्यांची स्वतःची बांधी, धानाचं खाचर, टोकालाच आहे. ते खोटं बोलत नव्हते. चहा घेतला आणि आले.

१८ ऑक्टोबर

गुणाबाईंकडे जाऊन सांगितलं. जाळं शिवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “पोरगी आठ दिवसांपासून सांगून राह्यली होती. मीच तिले म्हटलं, मॅडमपेक्षा तुले जास्त समजते काय?”

२१ ऑक्टोबर

कासव दिसलं.

सकाळी पाळीवर बरीच माणसं होती. पाठीचा तळहाताएवढा भाग, शेवाळाने हिरवा. बायका थांबून होत्या की कोणी नारळ आणतं का. कोणी आणला नाही. गुणाबाई दाराशी गेल्या आणि ते बंद करायच्या चाकाला हात घातला. दोन-तीन धानवाले पुढे आले. धक्काबुक्की नाही झाली. एक जण फक्त एवढंच म्हणाला, “बाई, दिवाळीलोक ठरलं हाये. सभेत. तुमीच हो म्हटलं.”

गुणाबाईंनी चाक सोडलं. गर्दीत मी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं मला का वाटतंय?

दुपारपर्यंत कासवाचं शेवाळ वाळून पांढरं पडलं.

२६ ऑक्टोबर

मासे वर येऊन तोंड उघडतायत. बायकांनी जाळी टाकली. रोहू, कतला, सगळे हाताएवढेही नाहीत. उन्हाळ्यापर्यंत राहिले असते तर चौपट झाले असते. टोपल्या भरून सावलीला नेल्या. त्याच दिवशी आणखी दोन गावांची मासळी आली होती. मातीमोल गेली.

टोकाच्या बांध्यांना पाणी मिळालं. धान उभा आहे, चांगला आहे. हेही लिहायला हवं.

११ नोव्हेंबर

दिवाळीनंतर शाळा सुरू झाली. मी ब्रह्मपुरीला गेले नाही, विनोद इकडे आला होता. दोन दिवस राहिला. म्हणाला, “तू त्या पोरीचं नाव किती वेळा घेतेस, मोजलंस का?” मी म्हटलं, वर्गात हुशार आहे म्हणून. तो मागच्या खोलीत झोपायला गेला, तिथला पंखा बरा आहे म्हणून.

आज आलेख पुन्हा भिंतीला लावला, दार बंद झालं त्या दिवसापर्यंतचा. लाल रेघ खोडली नाही, तशीच ठेवली. मुलांना म्हटलं, आता वाचा.

शिखर सांगितलं. उतार सांगितला. “कासवाला कुठं छेदतो?” तेही सांगितलं. मग मी विचारलं, “सरळ रेघ कुठून सुटली?” रोशन आलेखाशी आला आणि बोट ठेवलं. सात ऑक्टोबर. आणि बोलून गेला, “मॅडम, हा तं करिष्माचा ठिपका होय.”

वर्ग सुटल्यावर मी करिष्माला थांबवलं. म्हटलं, तुझे सगळे बिंदू बरोबर होते. मी चुकीचं बोलले तुला.

“हाव मॅडम,” ती म्हणाली. आणि दप्तर घेऊन गेली. इतकंच.

३ डिसेंबर

ग्रामसभा होती. मी मुखरूभाऊंना सांगून ठेवलं होतं की मला बोलायचं आहे. शेवटी वेळ दिला. मी म्हणाले की रेघ माझी चुकली, कासवाचा नेम बरोबर होता, पुढच्या वर्षी तो पुन्हा पाळावा. लोक उठायच्या तयारीत होते. मागून कोणीतरी म्हणालं, “पण मॅडम, कासव वर आलं तरी काही झालं नाई न गावाले. धान तं पिकला.” दुसरा म्हणाला, “पुढल्या वर्षीचं पुढल्या वर्षी पाहू.”

मासळीच्या बायका सभेला आल्या नव्हत्या.

४ जानेवारी

करिष्माने हजेरी झाल्यावर जागेवरूनच सांगितलं, “मॅडम, आमी मिरची तोडायले चाललो.” जसं कोणी म्हणावं, उद्या बाजाराला जाणार. मुकादमाची जीप येत्या आठवड्यात येईल. होळीपर्यंत.

मी म्हटलं, परीक्षा एप्रिलमध्ये आहे. ती म्हणाली, “येतो न मी, होळी झाली की.” सातवीतही ती असंच म्हणाली असेल.

सावलीच्या वसतिगृहात फोन केला. वर्षाच्या मध्यात जागा नाही.

८ जानेवारी

पाळीवर गुणाबाई भेटल्या. भांडी घासत होत्या. तलाव आता डबक्याएवढा आहे, कासव पूर्ण उघडं, त्यावर बगळा. मी बाजूला बसले. बोलायचं ते मनात जुळवून आले होते, पण आधी त्यांनीच विचारलं.

“मॅडम, तुमाले लेकरू नाई न?”

“नाही.”

“हं.” राखेने कढई घासत राहिल्या. “करिष्मा सांगते, तुमी तिच्या येण्या घालून देता.”

“कधी कधी. तेल नसतं तिच्या केसांना.”

“तेल नसते, खरं हाये.” मग: “तुमाले पोरगी शाळेत पायजे, का घरी पायजे?”

“शाळेत,” मी लगेच म्हणाले. “शाळेतच. अभ्यास बुडतो म्हणून.”

त्यांनी कढई विसळली. मीही मग काही मागितलं नाही आणि उठले. घरी मागच्या खोलीतलं गादीचं कव्हर धुवायला काढलं होतं, ते तसंच बादलीत होतं.

१० जानेवारी

जीप उद्या पहाटे येणार आहे. शाळा सुटली, मी घरी आले आणि आता थोड्या वेळात त्यांच्याकडे निघते आहे. जाण्याआधी काय बोलायचं ते इथं लिहून पाहते, म्हणजे तिथं भलतंच बोलणार नाही.

पहिल्यांदा लिहिलं: वर्ष वाया जाईल. ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. खोडलं. मग लिहिलं: हुशार मुलगी आहे, तिचं नुकसान होऊ देऊ नका. पण नुकसान त्यांनी केलेलं नाही. तेही खोडलं. मग लिहिलं की मी जबाबदारी घेते. यावर त्या हसतील. मी एकदा घेतली होती, सभेत, उभी राहून.

गुणाबाई नाही म्हणतील. त्यांनी नाही म्हणायला हवं, असंही मला वाटतं. तोडायला एक हात कमी पडला तर तेवढी मिरची झाडावर राहते, आणि ज्या बाईच्या एका शब्दावर त्यांनी तलाव सोडला, तिच्या शब्दावर त्या पोरगी का सोडतील? शिवाय परवाच्या त्यांच्या प्रश्नाला मी फार पटकन उत्तर दिलं. तेव्हा दिलेलं उत्तर खरं होतं की नाही, हे मी अजून पाहिलेलं नाही.

तरी जाते. एवढंच म्हणेन:

गुणाबाई, मी आज काही समजावून सांगायला आलेली नाही. उद्या करिष्माला जीपमध्ये बसवू नका. होळीपर्यंत तिला माझ्याकडे राहू द्या.